अंगण, गाडी आणि खेळ : मुंबई उपनगरातील माध्यमिक शाळांचे क्रीडाजीवन

मुंबई उपनगरातील मराठी माध्यमिक शाळांच्या खेळांचा इतिहास बहुधा शाळांच्या स्मरणिकांतून वाचायला मिळतो, आणि तेथे तो ढालींच्या, चषकांच्या व विजयी संघांच्या छायाचित्रांच्या रूपाने आलेला असतो. ही नोंद मोलाची असली तरी अमुक एका शाळेत अमुकच खेळ का रुजला आणि दुसरा का रुजला नाही, या प्रश्नाला तिच्यातून उत्तर मिळत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमात किंवा मुलांच्या उपजत गुणांत शोधण्यापेक्षा शाळेच्या अंगणाच्या लांबी-रुंदीत, लोकल गाडीच्या वेळापत्रकात आणि शाळेशेजारच्या व्यायामशाळेत शोधणे अधिक फलदायी ठरते. ढाल कपाटात राहते आणि तिच्यावरील अक्षरे पुसट होत जातात. अंगणाचे माप मात्र नगरभूमापनाच्या नकाशात टिकून असते, आणि इतिहासकाराने आरंभ तेथूनच करावा.

येथे 'माध्यमिक शाळा' म्हणजे मुख्यत्वे अनुदानित शाळा अभिप्रेत आहे. अनुदानित शाळा म्हणजे स्थानिक लोकांनी संस्था स्थापून, वर्गणी व देणग्या गोळा करून उभी केलेली आणि नंतर शिक्षकांच्या वेतनाचा भार शासनाने उचललेली शाळा. ती पूर्णपणे सरकारी नसते आणि पूर्णपणे खासगीही नसते. तिची इमारत व अंगण संस्थेचे, शिक्षकांचा पगार शासनाचा आणि मुले आसपासच्या चाळींतली व वसाहतींतली, अशी तिची रचना असते. प्राथमिक शिक्षण महापालिकेकडे आणि माध्यमिक शिक्षण बव्हंशी अशा संस्थांकडे, ही विभागणी मुंबईच्या शैक्षणिक जीवनाचे एक ठळक वैशिष्ट्य ठरली, आणि खेळांच्या दृष्टीने तिचा परिणाम असा झाला की मैदान मिळवण्याची जबाबदारी सरकारऐवजी गावातल्या चार खटपट्या माणसांवर येऊन पडली.

ही गावे तेव्हा खरोखरच गावे होती. साष्टी बेटाचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला, तेव्हा अंधेरी, पार्ले, घाटकोपर या ठिकाणी शेते, वाड्या आणि विहिरी होत्या, आणि शहरातल्या कचेऱ्यांत नोकरी करणारा मध्यमवर्ग स्वस्त जागेच्या व मोकळ्या हवेच्या ओढीने तेथे नुकताच राहायला येऊ लागला होता. १९२८ मध्ये पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि हा ओघ वाढला. पुढे १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर आदी भाग आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंडकडचा पट्टा बृहन्मुंबईत सामील झाला; म्हणजे मुलुंडची शाळा कागदोपत्री मुंबईची झाली तेव्हा शहरातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धांना अर्धशतकाहून अधिक काळ लोटलेला होता.

पार्ल्याचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालयाची स्थापना झाली. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. शाळा, सभागृह, वाचनालय, व्याख्यानमाला आणि व्यायाम ही सारी अंगे एकाच पिढीने एकाच दशकात उभी करावीत, यामागे टिळकांच्या नावाचे निव्वळ स्मरण नव्हते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून टिळकांनी शरीर कमावण्याकडे लक्ष दिले होते, ही गोष्ट त्या पिढीला ठाऊक होती आणि शरीरबल हे स्वराज्याच्या तयारीचे अंग आहे अशी तिची श्रद्धा होती. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली, तेव्हा कवायत, शिस्त आणि पहाटेचे उठणे या गोष्टी तेथील मुलांना नव्या राहिल्या नव्हत्या. पु. ल. देशपांडे हे या शाळेचे विद्यार्थी, आणि पार्ल्याचा लौकिक पुढे खेळांपेक्षा साहित्य-संगीतासाठीच अधिक झाला, हेही येथे नमूद करायला हवे. पार्लेकरांना त्याबद्दल फारशी खंत वाटत असेल असे दिसत नाही.

शासनाच्या पातळीवर शारीरिक शिक्षणाचा विचार गंभीरपणे झाला तो १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारावर आल्यानंतर. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्या मार्गदर्शनाखाली शारीरिक शिक्षणाची योजना आखण्यात आली आणि तिचे फलित म्हणून १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी शासकीय प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कांदिवली तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती आणि जागा मुबलक होती, हे कारण उघड आहे. परंतु त्याचा दूरगामी परिणाम असा की, ज्यांना मुले पुढे 'पी.टी.चे सर' म्हणून ओळखू लागली तो शिक्षकवर्ग इलाखाभरातून उपनगरात येऊन शिकून जाऊ लागला. तोवर शाळांतले ड्रिल हे बहुधा सैन्यातून निवृत्त झालेल्या हवालदाराच्या हाती असे आणि 'दाहिने मूड' यापलीकडे ते क्वचितच जाई. कांदिवलीच्या प्रशिक्षणाने सूर्यनमस्कार, लेझीम, मल्लखांब आणि देशी मैदानी खेळ यांना पाश्चात्त्य व्यायामपद्धतींच्या बरोबरीने शाळेच्या तासात जागा मिळवून दिली.

आता अंगणाच्या मापाकडे वळणे इष्ट ठरेल. धावण्याच्या शर्यतींसाठी लागणारी ४०० मीटरची प्रमाणित धावपट्टी बसवायची तर सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते. क्रिकेटला सीमारेषेपर्यंत साठ-सत्तर मीटरची त्रिज्या लागते. उपनगरातील एखादी शाळा पुष्कळ नशीबवान असली तरी एवढी जागा तिच्या कुंपणात मिळणे दुरापास्त असते. खो-खोचे प्रमाणित मैदान मात्र २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. इमारतीची दोन मजली बाजू, पाण्याची टाकी, ध्वजस्तंभ आणि सायकलींची शेड एवढे सोडून उरलेल्या अंगणात ते बसते, आणि नेमके बसते. या खेळाला चेंडू लागत नाही, जाळे लागत नाही, बूटही लागत नाहीत. दोन लाकडी खांब पुरले, मातीवर पाणी मारून ती दाबली आणि फक्कीने, म्हणजे रेषा आखण्यासाठी वापरतात त्या पांढऱ्या भुकटीने, पाटी व चौकोन आखले की झाले. उपनगरातल्या शाळांत खो-खो का रुजला याचे पहिले उत्तर हे एवढे साधे आहे.

दुसरे उत्तर खेळाच्या अंतर्गत रचनेत आहे, आणि ते थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नेमलेल्या समितीने खो-खोचे नियम बांधले तेव्हापासून त्यात बरेच फेरफार झाले, तरी गाभा तोच राहिला आहे. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ खेळाडू मधल्या पाटीवर आठ चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा खेळाडू धावतो. धावणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालावा लागतो, किंवा बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणत त्याला उठवावे लागते आणि स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. बचाव करणाऱ्याला यातले कोणतेच बंधन नाही. तो बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळतो, ज्याला साखळी खेळणे म्हणतात, किंवा काही गड्यांभोवती गोल फिरत राहतो. म्हणजे एका बाजूला संपूर्ण मोकळीक असलेला बचावपटू आणि दुसऱ्या बाजूला नियमांनी जखडलेले नऊजण, असा हा सामना असतो, आणि जखडलेल्यांनी तो जिंकायचा तर कोणाला केव्हा उठवायचे याचा निर्णय निमिषार्धात घ्यावा लागतो. बसलेल्या मुलाने टाच कशी टेकवायची, कोणत्या पायावर भार ठेवायचा, खो मिळताच पहिले पाऊल किती लांब टाकायचे, यावर चांगले शिक्षक महिनोन्‌महिने काम करून घेतात. खांबाजवळ झेप घेऊन गडी बाद करण्याची 'खांब मारणे' ही कृती त्यानंतर येते. शाळेसाठी या रचनेचा मोठा फायदा असा की, पन्नास मिनिटांच्या एका तासिकेत वर्गातली बहुतेक मुले प्रत्यक्ष खेळतात. क्रिकेटच्या तासात दोघे खेळतात, एक टाकतो आणि बाकीचे उन्हात उभे राहतात, हे कोणीही क्रिकेटप्रेमी खासगीत मान्य करील.

मुलींच्या बाबतीत खो-खोचे महत्त्व आणखी वेगळे आहे. उपनगरातल्या मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतून मुलीला सराव करण्यासाठी रेल्वेने दूर पाठवणे दीर्घकाळ अवघड होते. शाळेच्याच अंगणात, शाळेच्याच बाईंच्या देखरेखीखाली, घरी परतण्याच्या वेळेआधी संपणारा खेळ मात्र पालकांना चालत असे. राष्ट्रीय खो-खो स्पर्धेत महिलांचा प्रवेश १९६० च्या सुमारास झाला आणि पुढे कुमारी गटातील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी 'जानकी', तर महिला गटासाठी 'राणी लक्ष्मीबाई' पुरस्कार सुरू झाला. स्त्रियांच्या क्रीडाइतिहासात शाळेच्या अंगणाने बजावलेली ही भूमिका अद्याप पुरेशी अभ्यासली गेलेली नाही. कबड्डीचे तसे झाले नाही. भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर या कारखान्यांच्या पट्ट्यात कबड्डी प्रामुख्याने शाळेबाहेरच्या मंडळांनी जोपासली, रात्री दिव्यांच्या प्रकाशात खेळली, आणि चांगल्या चढाईपटूला महिंद्र, एअर इंडिया किंवा भारत पेट्रोलियमसारख्या व्यावसायिक संघांत नोकरी मिळण्याची आशा हे तिचे इंधन होते. शाळेने तिथे फक्त गडी पुरवले.

मल्लखांबाची गोष्ट पुन्हा पार्ल्याकडे घेऊन जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील बाळंभट्टदादा देवधरांशी ज्याचे पुनरुज्जीवन जोडले जाते तो हा व्यायामप्रकार जमिनीचे सर्वांत कमी क्षेत्र व्यापतो: पुरलेला खांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच असतो, खालून वर निमुळता होत जातो, आणि त्याचे अंग, मान व बोंड असे तीन भाग मानतात. खांबाला एरंडेल लावतात, कारण कोरड्या लाकडावर कातडी सोलवटते आणि फार तेलकट खांबावर तिढी, म्हणजे पायांनी खांबाला घालायची मिठी, टिकत नाही. हे प्रमाण पुस्तकात सांगता येत नाही, ते तळव्याला कळावे लागते. सलामी, दसरंग, फरारा, ताजवा अशा चढत्या क्रमाने मुलगा तयार होतो. मुलींसाठी प्राधान्याने दोरीचा मल्लखांब असतो, ज्यात पायाच्या अंगठ्याच्या व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोरी धरून वर चढायचे असते. अशा शिक्षणाला रोजची सकाळ-संध्याकाळ लागते, आणि ती शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून पार्ल्यात हे काम पार्लेश्वर व्यायामशाळेसारख्या संस्थेने केले. याच परंपरेतील प्रशिक्षक गणेश देवरुखकर यांना २०२३ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा मल्लखांबाला राष्ट्रीय सन्मान लाभल्याचे योग्य कौतुक झाले. त्यामागची व्यवस्था मात्र जुनीच होती: मुले शाळेची, वेळ शाळेच्या आधीचा किंवा नंतरचा, आणि खांब गावाचा.

क्रिकेटला अंगण पुरत नव्हते, म्हणून उपनगरी शाळेचे क्रिकेट गाडीवर अवलंबून राहिले. मुंबईतील शालेय क्रिकेटच्या दोन प्रमुख स्पर्धा म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांसाठीची हॅरिस ढाल आणि चौदा वर्षांखालील मुलांसाठीची गाइल्स ढाल. पहिलीला लॉर्ड हॅरिस या मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव आहे. या स्पर्धा भरवणाऱ्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेचा जन्म १८९३ चा, आणि तिचा केंद्रबिंदू आझाद मैदान व चर्चगेट परिसर. त्यामुळे सामना नऊ-साडेनऊला सुरू व्हायचा असेल तर बोरिवलीच्या मुलाला ऐन कचेरीच्या गर्दीत क्रिकेटची पिशवी घेऊन डब्यात शिरावे लागे, आणि सामना सुरू होण्याआधीच त्याची निम्मी कसोटी झालेली असे. क्रिकेटच्या इतिहासकारांनी मुंबईकर फलंदाजाच्या चिवटपणाला 'खडूस' हे विशेषण दिले. त्या चिवटपणात आठ-बाराच्या लोकलचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात पृथ्वी शॉने रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या आणि त्या खेळीची नोंद जगभर झाली. तो स्वतः विरारहून ये-जा करून क्रिकेट शिकलेला मुलगा होता हे पुष्कळांना आठवते. समोरची शाळा बोरिवलीची सेंट फ्रान्सिस डी'असिसी होती, हे फारच थोड्यांना आठवते, आणि उपनगराच्या दृष्टीने पाहता तो सामना क्षेत्ररक्षण करणाऱ्या त्या अकरा मुलांचाही होता. एकाच शाळेत निवडक गुणी मुले एकत्र आणली जातात, समोर मात्र आपल्या वस्तीतली येतील ती मुले खेळवणारी शाळा उभी राहते, आणि मग असे अफाट आकडे निर्माण होतात. विक्रमाचे श्रेय कमी न करताही हे म्हणता येते. अशी निवड अनेकदा मुलाच्या हिताचीच असते. बोरिवलीतच आजी-आजोबांकडे राहणाऱ्या रोहित शर्माला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी स्वामी विवेकानंद शाळेत आणले, त्याच्या शुल्काची सवलत मिळवून दिली, आणि तेथून पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. पालघरच्या शार्दूल ठाकूरलाही त्याच शाळेने आणि त्याच प्रशिक्षकाने वाट दिली. पण या वाटेने जाणारी शाळा सर्वांसाठी खेळ चालवणारी शाळा राहत नाही. ती प्रतिभा हेरणारी शाळा होते, आणि या दोन प्रकारांना एकाच तराजूत घालणे ही शालेय क्रीडास्पर्धांच्या विचारातली जुनी गफलत आहे.

स्पर्धांच्या रचनेत उपनगराला खरा लाभ झाला तो एका प्रशासकीय निर्णयामुळे. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा पुन्हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाला आणि अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके ठरले. घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि अखेर राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी चढतात, आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे त्यांचे वयोगट असतात. जिल्हा वेगळा होताच उपनगराला स्वतःचा क्रीडा अधिकारी आणि विभागीय फेरीसाठी स्वतःचा संघ मिळाला. खो-खो व कबड्डीच्या राज्य स्पर्धांतही 'मुंबई' आणि 'मुंबई उपनगर' अशी दोन नावे स्वतंत्रपणे उच्चारली जातात. याला सार्वजनिक सोयींची जोड मिळाली. १९८८ मध्ये अंधेरीत महापालिकेचे शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल झाले, मुलुंडला प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल झाले, कांदिवलीला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आले. त्याहीपेक्षा महत्त्वाची ठरली ती १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्रबोधन गोरेगाव या संस्थेने चालवलेली आंतरशालेय क्रीडा महोत्सवाची परंपरा, कारण तिच्यामुळे उपनगरातल्या मुलाला शर्यत धावण्यासाठी चर्चगेटची गाडी पकडावी लागली नाही.

याच काळात शाळेच्या आत मात्र खेळाची जागा आकसत होती. मुलांची संख्या वाढली तसे बहुतेक शाळांनी सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे सुरू केली, आणि दोन सत्रांची शाळा म्हणजे कधीच न रिकामे होणारे अंगण. सकाळच्या सत्रातली मुले साडेबाराला सुटतात तेव्हा दुपारची मुले फाटकात उभी असतात. खेळायचे तर शिकणाऱ्या वर्गांच्या खिडक्यांखाली आणि आवाज न करता, आणि आवाज न करता खो-खो खेळता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे, परंतु त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. अंशकालीन निदेशक म्हणजे तासावर येणारा, शाळेचा कायम घटक नसलेला शिक्षक. कांदिवलीच्या संस्थेने जो पूर्णवेळ, वस्तीला ओळखणारा, मुलाच्या घरी जाऊन बापाची समजूत घालणारा पी.टी.चा सर घडवला होता, त्याची जागा अशा तऱ्हेने कायद्यानेच अर्ध्या वेळेवर आणली. दहावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले पाच टक्के क्रीडा आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राचे मोल वाढले, हे खरे. पण प्रमाणपत्रासाठी खेळणारा मुलगा दहावीनंतर अंगणात परत येत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला आणि उपनगरातील अनेक मराठी शाळांचे वर्ग रोडावले. त्यातून एक विपरीत स्थिती उद्भवली: पूर्वी मुले होती आणि जागा नव्हती, आता काही ठिकाणी जागा आहे आणि संघ पुरा करायला मुले नाहीत. रिकाम्या अंगणावर खासगी प्रशिक्षण वर्ग, लग्नसमारंभ आणि वाहनतळ यांचा डोळा असतो, आणि संस्थाचालकांना इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा असतो, त्यामुळे त्यांना दोष देऊन भागत नाही. अंगण भाड्याने देणाऱ्या संस्थेने संध्याकाळचे दोन तास तरी वस्तीतल्या कुठल्याही माध्यमाच्या मुलांसाठी राखून ठेवावेत, एवढी अट मात्र धर्मादाय नोंदणी असलेल्या कोणत्याही संस्थेला अवघड वाटू नये.

खुद्द खो-खोचे काय होणार, हा प्रश्न यातूनच पुढे येतो. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या यशाबरोबर खेळ मातीवरून मॅटवर आला, नऊऐवजी सात खेळाडूंचा झाला, आणि बंदिस्त सभागृहात दिव्यांखाली खेळला जाऊ लागला. कबड्डीने हा प्रवास आधीच केला आहे. मॅटवर बूट लागतात, मॅट पावसापासून जपावी लागते, ती अंथरायला छप्पर लागते, आणि मातीवर घेतलेली झेप मॅटवर घेतली तर गुडघा सोलवटतो, म्हणून सरावही मॅटवरच करावा लागतो. चेंडूशिवाय, बुटांशिवाय आणि छपराशिवाय खेळता येतो म्हणून जो खेळ उपनगरातल्या शाळांनी आपलासा केला, त्याची वरची पायरी आता या तिन्हींपैकी दोन गोष्टी मागते. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा मातीवर आणि त्यापुढची निवड मॅटवर असे झाले, तर सभागृह असलेल्या शाळेची मुले एक पायरी पुढून सुरुवात करतील. घाटकोपर-मुलुंडच्या शाळांपैकी किती शाळांजवळ २७ गुणिले १६ मीटरचे छप्पर आहे, याची मोजणी जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि शिक्षण संस्थांनी आताच हाती घ्यायला हवी.